आयनिक द्रवाचं एनएमआर: ट्यूब भरण्यापासून विसरणाच्या आकड्यापर्यंत

मीठ म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरे खडे येतात. स्वयंपाकघरातलं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण धनायन बोजड आणि बेढब असेल, ऋणायनावरचा भार बऱ्याच अणूंवर पसरलेला असेल, तर स्फटिकाची घडी नीट बसत नाही आणि मीठ खोलीच्या तापमानालाही द्रव राहतं. पाउल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये एथिलअमोनियम नायट्रेट या अशाच मिठाची नोंद केली. ते १२ अंशांच्या आसपास वितळतं. पुढे १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकणारी इमिडॅझोलियम मिठं बनवली आणि या विषयाला खरा वेग आला. १०० अंशांच्या खाली वितळणाऱ्या मिठाला आज आपण आयनिक द्रव म्हणतो.

हा लेख एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी अशा द्रवाची बाटली हातात पडलेल्यांसाठी आहे. रोजचं प्रोटॉन एनएमआर तुम्ही केलेलं आहे असं धरतो. इथे मात्र द्रावक नाही, नमुना दाट आहे आणि विजेचा वाहक आहे. रोजच्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

आधी एनएमआरच का, ते पाहू. विद्युतवाहकता मोजली तर दोन्ही आयनांचं मिळून एकच उत्तर मिळतं. श्यानता मोजली तर अख्ख्या द्रवाचा दाटपणा कळतो. एनएमआरला मात्र धनायन आणि ऋणायन वेगवेगळे दिसतात. उदाहरण म्हणून या लेखात एकच द्रव धरून चालू: १-एथिल-३-मेथिलइमिडॅझोलियम बिस(ट्रायफ्लुओरोमेथिलसल्फोनिल)इमाइड. लॅबमध्ये त्याला ईमिम-टीएफएसआय म्हणतात. यातल्या धनायनात ११ हायड्रोजन आहेत आणि फ्लुओरिन एकही नाही. ऋणायनात ६ फ्लुओरिन आहेत आणि हायड्रोजन एकही नाही. म्हणजे प्रोटॉनच्या वाहिनीवर फक्त धनायन ऐकू येतो, फ्लुओरिनच्या वाहिनीवर फक्त ऋणायन. इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या द्रवांत मिळते, म्हणून शिकायला सुरुवात इथूनच करा. शिवाय हे द्रव पाण्याने सहज मोडत नाही. बीएफफोर आणि पीएफसिक्स ही ऋणायनं असलेले द्रव ओलसर आणि गरम राहिले तर हळूहळू हायड्रोजन फ्लुओराइड सोडतात. ते काच खातं आणि माणसाला घातक आहे. असे द्रव तापवणार असाल तर मार्गदर्शकांना आधी सांगा.

पायरी १: प्रश्न ठरवा

मशिनसमोर बसण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. कोण कोणाजवळ आहे, हे शोधायचंय की कोण किती वेगाने हलतंय, हे? पहिला प्रश्न रचनेचा. त्याला केमिकल शिफ्ट आणि एनओई (जवळजवळच्या अणुकेंद्रांचा एकमेकांच्या सिग्नलवर होणारा परिणाम) लागतात. दुसरा गतीचा. त्यात पुन्हा दोन भाग आहेत: आयन जागच्या जागी किती झपाट्याने फिरतो हे टी-वन (पल्सनंतर चुंबकन मूळ स्थितीला परतण्याचा काळ) सांगतं, तो एका जागेहून दुसरीकडे किती लवकर जातो हे ग्रेडिएंटचे, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे, प्रयोग सांगतात. तिन्ही गोष्टी एकाच दिवसात उरकण्याचा मोह होतो. पण प्रत्येक प्रयोगाची तापमानाची आणि वेळेची मागणी वेगळी असते, आणि घाईत तिन्ही अर्धवट राहतात.

पायरी २: वाळवणं

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे. आयनिक द्रव हवेतलं पाणी ओढून घेतो. टीएफएसआयचे द्रव पाण्यात मिसळत नाहीत, म्हणून नवख्यांना वाटतं की ते ओलही धरत नसतील. धरतात, आणि थोडंसं पाणीही श्यानता खाली आणतं आणि विसरण, म्हणजे आयनांचं आपोआप इकडेतिकडे सरकणं, वाढवतं.

मुंबईत जुलैमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका नमुन्याचा विसरण गुणांक सोमवारी एक आला, बुधवारी त्याहून जास्त आणि शुक्रवारी आणखी जास्त. मी पल्स प्रोग्रॅम तपासला, ग्रेडिएंट तपासला, तापमान तपासलं. दोष ट्यूबच्या प्लॅस्टिकच्या टोपणात होता. रोज थोडी थोडी हवा आत जात होती आणि द्रव रोज थोडा पातळ होत होता. त्या आठवड्याची सगळी मापनं टाकून दिली.

म्हणून असं करा. द्रव चुंबकी पट्टीने ढवळत, निर्वात पंपाला जोडून, ६० ते ७० अंशांवर निदान २४ तास ठेवा. ४८ तास मिळाले तर उत्तम. मग कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी मोजा. १०० पीपीएमच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्यूब ग्लोव्हबॉक्समध्ये भरा. स्क्रूच्या झडपेची ट्यूब मिळाली तर ती वापरा, नाहीतर ट्यूबचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करून घ्या. क्लोराइड उरलंय का हेही पाहा, कारण तेही श्यानता बदलतं. थोडा द्रव पाण्यात हलवून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. गढूळपणा आला तर द्रव पुन्हा धुवायला पाठवा.

पायरी ३: भरणं, लॉक, शिम

२५ अंशांना ईमिम-टीएफएसआयची श्यानता ३३ मिलिपास्कल-सेकंदांच्या आसपास असते. पाण्याची ०.८९. म्हणजे हा द्रव साधारण गोडेतेलासारखा वाहतो. ट्यूबच्या तोंडाशी सोडलेला थेंब भिंतीला चिकटतो, हळूहळू खाली उतरतो आणि वाटेत हवा कोंडून ठेवतो. लांब सुईने थेट तळाशी सोडा, सुई वर घेत घेत भरा. तरी बुडबुडा राहिलाच तर ट्यूब कोमट करून थोडा वेळ उभी ठेवा. कॉइलच्या जागी बुडबुडा असेल तर शिमिंग कधीच बसणार नाही, कितीही फेऱ्या मारा.

नमुन्यात ड्युटेरियम नाही, मग लॉक कशावर लावायचा? पातळ काचनळीत जड पाणी किंवा ड्युटेरियमयुक्त डीएमएसओ भरून ती बंद करा आणि ट्यूबच्या मधोमध ठेवा. जड पाणी ४ अंशांच्या आत गोठतं आणि डीएमएसओ २० अंशांच्या आसपास, तेव्हा कुठल्या तापमानाला काम करणार ते पाहून निवडा. आजचे चुंबक स्थिर असतात, त्यामुळे लॉक बंद ठेवून प्रोटॉनच्या सिग्नलवर शिम केलं तरी छोटे प्रयोग निभावतात. द्रव थेट जड पाण्यात किंवा ड्युटेरियमच्या मेथॅनॉलमध्ये विरघळवू मात्र नका. एक तर तो मग तुमचा आयनिक द्रव राहत नाही, साधं द्रावण होतं. दुसरं, इमिडॅझोलियमच्या दोन नंबरच्या कार्बनवरचा हायड्रोजन आम्लधर्मी असतो, तो ड्युटेरियमशी अदलाबदल करतो आणि सिग्नल नाहीसा होतो. नेमका तोच हायड्रोजन आपल्याला सगळ्यात जास्त सांगत असतो.

ट्यूनिंग आणि मॅचिंग प्रत्येक नमुन्याला आणि प्रत्येक तापमानाला नव्याने करा. विद्युतवाहक द्रवामुळे कॉइलची क्षमता घटते आणि ९० अंशांचा पल्स लांबतो. क्रायोप्रोबवर हा त्रास जास्त होतो. क्लोरोफॉर्मवर काढलेला पल्सचा आकडा इथे वापरलात तर पुढचा प्रत्येक प्रयोग थोडा थोडा चुकेल. ३ मिलिमीटरची ट्यूब वापरली तर हा त्रास बराच कमी होतो. नमुना निव्वळ असल्यामुळे सिग्नल प्रचंड येतो. रिसीव्हरचा गेन सगळ्यात खाली ठेवा, पहिलं स्पेक्ट्रम एकाच स्कॅनचं, लहान कोनाच्या पल्सने घ्या.

पायरी ४: साधं स्पेक्ट्रम नीट वाचा

प्रोटॉनमध्ये पाच जागा दिसतील: दोन नंबरच्या कार्बनवरचा हायड्रोजन ८.५ पीपीएमच्या आसपास, कड्यातले उरलेले दोन ७.४ जवळ, नायट्रोजनला लागलेला सीएचटू ४.२ जवळ, मेथिल ३.९ जवळ आणि एथिलच्या टोकाचा मेथिल १.५ जवळ. क्षेत्रफळांचं प्रमाण १:२:२:३:३. फ्लुओरिनमध्ये उणे ७९-८० पीपीएमला एकच रेघ. तिच्याखाली रुंद उंचवटा दिसला तर घाबरू नका, तो बहुधा प्रोबमधल्या टेफ्लॉनचा असतो.

८.५ वाल्या रेघेकडे लक्ष ठेवा. ऋणायन बदललं की सगळ्यात जास्त तीच सरकते. क्लोराइडसारखं हायड्रोजनबंध पक्का धरणारं ऋणायन असेल तर ती १० पीपीएमच्या आसपास जाते. टीएफएसआयचा भार पसरलेला, त्याची पकड सैल, म्हणून ती खाली राहते. रचनेबद्दलची पहिली बातमी इथेच मिळते आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. फक्त तुलना करताना सगळ्या नमुन्यांना संदर्भ एकच ठेवा, त्याच काचनळीतला.

पायरी ५: शेजारी कोण?

प्रोटॉन आणि फ्लुओरिन यांच्यातला एनओई मोजणाऱ्या प्रयोगाला होएसी म्हणतात. कड्यातल्या कुठल्या हायड्रोजनजवळ फ्लुओरिन जास्त वेळ असतो, ते त्यातून कळतं. दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालवणारा प्रोब लागतो, तेव्हा केंद्रात आधी विचारा.

इथे दोन सावधगिऱ्या. एनओईचं चिन्ह रेणूच्या फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतं आणि मधे एक जागा अशी येते की तो शून्य होतो. ४०० मेगाहर्ट्झच्या मशिनवर प्रोटॉन-प्रोटॉन एनओईसाठी ही जागा साधारण ०.४५ नॅनोसेकंदांच्या फिरण्याच्या काळाला येते, आणि आयनिक द्रव खोलीच्या तापमानाला नेमके याच टापूत फिरत असतात. नोएसीत (प्रोटॉन-प्रोटॉन एनओईच्या द्विमितीय प्रयोगात) क्रॉसपीक दिसला नाही म्हणून अंतर जास्त आहे असा निष्कर्ष काढू नका. तापमान बदलून पाहा किंवा रोएसी घ्या, त्यात असा शून्य येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एका रेणूतल्या दोन अणूंमधला एनओई अंतराच्या सहाव्या घाताने घटतो, हे आपण पाठ केलेलं असतं. दोन वेगळ्या रेणूंमधल्या एनओईला हा नियम तसाच लागत नाही, कारण दोघेही सतत जागा बदलत असतात आणि लांबच्या शेजाऱ्यांचीही बेरीज होत जाते. म्हणून होएसीच्या क्रॉसपीकवरून अँगस्ट्रॉममधली अंतरं काढून चित्र रंगवू नका. 'या हायड्रोजनजवळ त्या हायड्रोजनपेक्षा ऋणायन जास्त', इतकं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. मिश्रणकाळ चार-पाच वेगवेगळे घेऊन एनओई कसा चढतो ते पाहिलंत तर तेही जास्त ठामपणे म्हणता येईल.

पायरी ६: टी-वन आणि फिरणं

इन्व्हर्जन रिकव्हरी तुम्हाला येत असेल. नियम जुनाच: दोन स्कॅनमध्ये टी-वनच्या पाचपट वेळ सोडा. नवीन इतकंच की एका तापमानाच्या टी-वनवरून गती कळत नाही. ब्लूमबर्गेन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्ये दाखवलं की रेणू मंदावत जाताना टी-वन आधी घटतो, तळ गाठतो आणि पुन्हा वाढतो. एकाच टी-वनला दोन उत्तरं असू शकतात, वेगवान आणि संथ. म्हणून तापमान बदलत जा आणि तळ शोधा. ४०० मेगाहर्ट्झवर प्रोटॉनसाठी तळाशी फिरण्याचा काळ साधारण ०.२५ नॅनोसेकंद असतो. तळ सापडला की अंदाजाला पक्की खुंटी मिळाली. कड्याचे हायड्रोजन आणि एथिलच्या टोकाचा मेथिल यांचे टी-वन वेगळे येतील. शेपूट स्वतःभोवतीही फिरते, कडं आख्खं फिरतं.

पायरी ७: विसरण

आता मुख्य काम. ग्रेडिएंटचा एक पल्स प्रत्येक आयनावर त्याच्या जागेची खूण उमटवतो, काही काळ वाट पाहायची, मग उलटा पल्स ती खूण पुसतो. दरम्यान आयन हलला असेल तर खूण पूर्ण पुसली जात नाही आणि सिग्नल कमी होतो. स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये याचं सूत्र दिलं. ग्रेडिएंट पल्सच्या लांबीला लॅबमध्ये छोटा डेल्टा म्हणतात, दोन पल्समधल्या वेळेला मोठा डेल्टा. उभ्या अक्षावर सिग्नलचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या. आडव्या अक्षावर गामाचा (केंद्रकाच्या जायरोमॅग्नेटिक गुणोत्तराचा) वर्ग, ग्रेडिएंटचा वर्ग, छोट्या डेल्टाचा वर्ग आणि 'मोठा डेल्टा वजा छोट्या डेल्टाचा तिसरा भाग', या चौघांचा गुणाकार. सरळ रेघ आली पाहिजे. तिचा उतार म्हणजे विसरण गुणांक, उणे चिन्हासह.

मी आकडे चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंदात लिहितो, हातात बसतात. २५ अंशांना पाणी २३००. ईमिम सुमारे ५०. टीएफएसआय सुमारे ३१. पाण्याच्या सवयीने लावलेल्या सेटिंगवर आयनिक द्रवाचा सिग्नल हलणारही नाही.

एक उदाहरण करून पाहू. प्रोबचा ग्रेडिएंट जास्तीत जास्त ५० गॉस प्रति सेंटीमीटर, छोटा डेल्टा ४ मिलिसेकंद, मोठा डेल्टा १०० मिलिसेकंद. पूर्ण ग्रेडिएंटला ईमिमचा सिग्नल २४ टक्के उरतो, टीएफएसआयचा ४६ टक्के. एवढ्या कमी उतारावर रेघ बसवली तर चूक मोठी राहते. धनायनासाठी मोठा डेल्टा २०० केला तर ६ टक्के उरतात. ऋणायनासाठी ३०० केला तर १० टक्क्यांच्या जरा खाली येतो. शेवटच्या पायरीला ५ ते १० टक्के सिग्नल उरावा असं बेतायचं. टी-टू (सिग्नल विरून जाण्याचा काळ) लहान असल्यामुळे साध्या एकोऐवजी स्टिम्युलेटेड एको वापरा. वाट पाहण्याच्या काळात खूण टी-वनच्या भरवशावर राहते, आणि टी-वन जास्त दमाचा असतो. २०० मिलिसेकंदांत ईमिम सरासरी साडेचार मायक्रोमीटर सरकलेला असतो. आयनाचा आकार एका नॅनोमीटरहून कमी, म्हणजे आपल्या लांबीच्या हजारो पट वाट तो तुडवून आलेला असतो.

नवख्यांचे आकडे चुकतात ते बहुधा चार ठिकाणी.

द्विध्रुवी ग्रेडिएंटचा प्रोग्रॅम असेल तर मशिनमध्ये भरलेला पल्सचा काळ हा छोट्या डेल्टाचा निम्माच असतो. सूत्रात दुप्पट घाला. ग्रेडिएंटचा आकार चौकोनी नसेल तर त्याचा गुणकही घाला. पूर्ण साइनच्या आकाराला तो ०.६४ असतो.

फ्लुओरिनच्या डेटासाठी सॉफ्टवेअरमध्ये गामा बदला. प्रोटॉनचा राहिला तर ऋणायनाचा आकडा ११-१२ टक्क्यांनी कमी येतो. आलेख सुंदर सरळ दिसतो, त्यामुळे शंकाही येत नाही.

तापमान एका अंशाने चुकलं तर विसरण ३-४ टक्क्यांनी चुकतं. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. थंड बाजूला मेथॅनॉलने आणि गरम बाजूला एथिलीन ग्लायकॉलने कॅलिब्रेशन करा आणि तापमान बदलल्यावर १५-२० मिनिटं थांबा. ग्रेडिएंटचं कॅलिब्रेशन जड पाण्यात उरलेल्या हलक्या पाण्यावर करा. २५ अंशांना १९०० यायला हवेत.

शेवटचं ठिकाण म्हणजे अभिसरण. ६०-७० अंशांच्या पुढे द्रव पातळ होतो, ट्यूबचा तळ वरच्या भागापेक्षा गरम असतो आणि आत प्रवाह सुरू होतात. ओळखायचं असं: मोठा डेल्टा बदलून दोनदा मोजा. आकडा डेल्टाबरोबर वाढत गेला तर तो प्रवाह आहे, विसरण नाही. ३ मिलिमीटरची ट्यूब आणि दुहेरी स्टिम्युलेटेड एको, दोन्ही मदतीला येतात.

पायरी ८: आकडे बोलते करा

तापमान बदलत दहा-बारा बिंदू घेतलेत तर दिसेल की आऱ्हेनियसची रेघ सरळ येत नाही, खाली वाकते. आयनिक द्रव थंड होताना काचेसारखा होत जातो, म्हणून इथे फोगेल-टामान-फुल्चर समीकरण बसवतात.

आता जो हिशेब मला स्वतःला सगळ्यात आवडतो, तो करू. प्रत्येक आयन स्वतंत्रपणे भार वाहतोय असं धरलं तर नेर्न्स्ट-आइन्स्टाइन समीकरणाने दोन विसरण गुणांकांच्या बेरजेतून वाहकता काढता येते. ५० आणि ३१ मिळून ८१. त्यातून मोलर वाहकता येते ३.० सीमेन्स चौरस सेंटीमीटर प्रति मोल. प्रत्यक्ष मोजलेली वाहकता २५ अंशांना सुमारे ९ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर आहे, एका मोलचं आकारमान सुमारे २५८ घन सेंटीमीटर, म्हणजे २.३. भागाकार ०.७६.

मग उरलेले २४ टक्के आयन जोड्या करून बसलेत का? असं पुष्कळदा लिहिलं जातं, पण मला ते पटत नाही. सगळा द्रवच आयनांचा आहे. प्रत्येक धनायनाभोवती अनेक ऋणायनं, प्रत्येक ऋणायनाभोवती अनेक धनायनं, आणि गळ्यात गळा घालून राहणारी ठराविक जोडी वेगळी काढता येत नाही. ०.७६ इतकंच सांगतं की विरुद्ध भाराचे शेजारी काही प्रमाणात एकाच दिशेने सरकतात आणि तेवढी वीज वाहत नाही. प्रबंधात लिहिताना 'सहसंबद्ध गती' लिहा, 'आयनजोड्या' नको.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट. ईमिम-बीएफफोरमध्ये ऋणायन आकाराने लहान आहे, तरी धनायनच पुढे असतो. लहान तो वेगवान, हा अंदाज इथे चालत नाही. चपटं कडं आपल्या प्रतलाच्या दिशेने फटीतून सरकतं, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. बॅटरीसाठी याच द्रवात लिथियमचं मीठ घातलं तर प्रकार आणखी रंगतदार होतो. एवढासा लिथियम, पण तो टीएफएसआयची ऋणायनं भोवती गुंडाळून घेतो, त्या गाठोड्याचा एकूण भार ऋण होतो आणि विद्युतक्षेत्रात ते चुकीच्या इलेक्ट्रोडकडे निघतं. विद्युतक्षेत्र लावून केलेल्या एनएमआरने हे थेट दाखवलं आहे. ईमिमवर हात बसला की पुढचा नमुना म्हणून लिथियम घ्या. त्याची स्वतःची तिसरी वाहिनी आहे.

वहीत प्रत्येक विसरण गुणांकाशेजारी तापमान, पाण्याचे पीपीएम, दोन्ही डेल्टा, ग्रेडिएंटचा पल्ला आणि मोजल्याची तारीख लिहा. शेवटचा प्रयोग संपला, ट्यूब बाहेर आली, की ती धुवायला टाकू नका. ग्लोव्हबॉक्समध्ये नेऊन उघडा, त्यातला द्रव पुन्हा कार्ल फिशरला द्या. सुरुवातीचा आणि हा आकडा जुळले तर मापनं ठेवा. पाणी वाढलेलं असेल तर द्रव पुन्हा पंपाला लावा आणि दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.